रुईची पानं: थोडी मारुतीला, बाकीची अळ्यांना

शनिवारी सकाळी सातच्या सुमारास आमच्या फाटकाची कडी वाजते. समोरच्या काकी असतात, हातात कापडी पिशवी. मारुतीच्या माळेसाठी अकरा पानं हवी असतात. कित्येक वर्षांचा हा रिवाज आहे आणि रुईला पानांची कधी टंचाई नसते. दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात मात्र मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "काकी, पान आधी उलटं करून बघा." खालच्या बाजूला, मधल्या शिरेशेजारी, खसखशीच्या दाण्याएवढा पांढुरका, उभट ठिपका चिकटलेला होता. चष्मा कपाळावर चढवून, पान नाकाशी नेऊन काकींनी तो निरखला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर कोणीतरी मुद्दाम चिकटवल्यासारखं दिसतंय." अंडं होतं ते, मुद्दामच चिकटवलेलं. प्लेन टायगर फुलपाखराच्या मादीनं.

तेव्हापासून काकी पान उलटं केल्याशिवाय तोडत नाहीत, आणि मी विचारेल त्याला रुई कशी सांभाळायची हे सांगत सुटले आहे. विचारणाऱ्यांत सगळ्यात चिवट ह्यूस्टनची माझी भाची. तिनं तिकडे मागच्या अंगणात मोनार्क फुलपाखरांसाठी मिल्कवीड लावलंय आणि दर पंधरा दिवसांनी पिवळ्या पानाचा किंवा माव्यानं भरलेल्या शेंड्याचा फोटो येतो: "मावशी, हे काय झालं?" तिचं झाड वेगळं, माझी रुई वेगळी, पण घराणं एकच. तिचा मोनार्क आणि माझा प्लेन टायगर यांच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्दसुद्धा एकच, डॅनॉस. मोनार्क आपल्याकडे राहत नाही. तो उत्तर अमेरिकेचा. शरद ऋतूत तीन-चार हजार किलोमीटर उडत मेक्सिकोच्या मध्यभागातल्या डोंगरांवर जातो आणि ओयामेल नावाच्या सूचिपर्णी झाडांना लटकून हिवाळा काढतो. ही जागा बाहेरच्या जगाला १९७५ साली सापडली. तिथल्या गावकऱ्यांना ती आधीपासून ठाऊक होतीच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, त्यांच्या पितरांच्या सणाच्या दिवसांत ही फुलपाखरं येतात, म्हणून ते त्यांना परत आलेले पूर्वज समजतात. आपण कावळ्याला घास ठेवतो, त्यातलाच भाव.

या दोन्ही फुलपाखरांच्या अळ्या रुईच्या कुळातली चिकाळ झाडं सोडून दुसरं काही खात नाहीत. चिकातलं विष त्या अंगात साठवतात आणि एकदा चाखलेला पक्षी सहसा पुन्हा वाटेला जात नाही. म्हणजे हे झाड आपण खाल्लं जाण्यासाठी लावतोय. गुलाबाच्या पानाला भोक पडलं की जीव जळतो, तसा इथे जाळून घ्यायचा नाही. माझ्या लेखी निरोगी रुई म्हणजे खाऊन बोडकी झाली तरी महिन्याभरात पुन्हा पालवणारी रुई.

कोणतं झाड लावायचं

बडोद्यात रुई शोधायला जावं लागत नाही. रुळांच्या कडेला, रिकाम्या प्लॉटवर, जिथे कोणी काही लावलेलं नाही तिथे ती हजर असते. गुजराती शेजारी तिला आकडो म्हणतात. नीट बघितलं तर दोन प्रकार दिसतात. एकीच्या पाकळ्या उभ्या, पांढऱ्या, टोकाला जांभळ्या. दुसरीच्या पसरट, मागे वळलेल्या, फिकट जांभळ्या किंवा सगळ्याच पांढऱ्या. पांढरीला मांदार म्हणून भलताच मान. तिच्या मुळात गणपती सापडेल या आशेनं लोक अख्खं झाड उपटून नेतात. अळीला यात काही भेद नाही.

"रुई घराजवळ लावू नये" हे मी माहेरी, दांडिया बाजारात, लहानपणापासून ऐकत आले. का, ते कोणी सांगत नसे. तिसरं लग्न करणाऱ्याचं आधी रुईशी लग्न लावायचे, त्या अर्कविवाहाची काहीतरी सावली असावी. पण त्याच घरात रथसप्तमीला आंघोळीच्या वेळी डोक्या-खांद्यांवर ठेवायला रुईची सात पानं लागायची, आणि आजीच्या गुडघ्याला तेल लावून शेकलेलं पानही रुईचंच. पान चालतं, झाड चालत नाही, हे मला कधी पटलं नाही. बडोद्यातल्याच अकोट्याच्या घरी आल्यावर पहिली रुई मी कुंपणाशी लावली.

अंगण नसेल, नुसती गच्ची किंवा बाल्कनी असेल, तर हळदीकुंकू लावा. काही जण त्याला काकतुंडी म्हणतात. कमरेएवढं होणारं नाजूक झाड, लांबट पानं, लाल-पिवळ्या फुलांचे झुबके. हे मूळचं उष्ण अमेरिकेतलं, पण आपल्याकडे चांगलंच रुळलंय. त्याची पानं अळ्यांना आणि मध फुलपाखरांना, असा दुहेरी उपयोग. प्लेन टायगर तर येतोच, काळ्या पट्ट्यांचा स्ट्राइप्ड टायगरही त्यावर अंडी घालतो. एक चूक मात्र सगळे करतात: एकच कुंडी आणतात. मोठी अळी एका दुपारीत एक फांदी साफ करते. पाच-सहा कुंड्या तरी हव्यात. जमिनीतली दोन वर्षांची रुई एकटीच दहा-पंधरा अळ्या सहज पोसते.

कुंपणाला जाळी असेल तर हरणदोडीचा वेलही सोडा. त्यावर ब्लू टायगर येतो. वेल आडदांड आहे, कुंडीत मावणार नाही.

नर्सरीतून आणाल तर

सहा वर्षांपूर्वी एका नर्सरीतून मी हळदीकुंकवाची चार झाडं आणली. इतकी तजेलदार, एका पानावर डाग नाही. आठवड्यात अंडी दिसली, पाच दिवसांनी अळ्या. मग एका सकाळी सगळ्या अळ्या पानांवरून खाली लोंबकळत होत्या, तोंडातून हिरवट पाणी. संध्याकाळपर्यंत एक उरली नाही. नर्सरीत परत जाऊन विचारलं तेव्हा माळीभाई सरळ म्हणाला, "बेन, दवा तो छांटना पडता है, नहीं तो कौन लेगा?"

औषध फवारलं असेल तर धुऊन जाईल असं वाटतं. पण इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम यांसारखी कीटकनाशकं झाडाच्या अंगात भिनतात, मुळापासून शेंड्यापर्यंत फिरतात आणि कित्येक आठवडे, कधी महिनोन् महिने राहतात. धुऊन काही होत नाही. म्हणून आणण्याआधी विचारा, आणि उत्तरावर फार विसंबू नका. मी आता उलटी निवड करते: ज्या झाडावर थोडा मावा आहे, एखाद्या पानाला भोक आहे, तेच उचलते. किडे जगतायत म्हणजे अळीही जगेल. निर्मळ झाड आणलंच तर सगळा पाला छाटायचा, जुनी माती झटकून नव्या मातीत लावायचं आणि दोन-तीन महिने मच्छरदाणीच्या कापडानं झाकून ठेवायचं. फुलपाखरू त्यावर बसूच द्यायचं नाही.

सगळ्यात बरं म्हणजे स्वतः रोप करणं.

बी आणि काडी

रुईची फळं आंब्याच्या कैरीसारखी फुगतात आणि उन्हाळ्यात उकलतात. आत चपट्या तपकिरी बिया, प्रत्येकीला रेशमी शेंडी. हवेत तरंगणारी ती म्हातारी पकडायला आम्ही गच्चीवर धावायचो. फळ उकलायच्या बेतात असतानाच त्याला दोरा गुंडाळून ठेवा, नाहीतर बी गावभर जाईल. शेंडी उपटून बी रात्रभर पाण्यात भिजवा, अर्धी वाळू आणि अर्धी माती घेऊन नखभर खोल पेरा. चैत्र-वैशाखातल्या उष्णतेत आठ-दहा दिवसांत कोंब येतो. रोप चार पानांचं झालं की लगेच कायमच्या जागी हलवा, कारण मूळ सोटासारखं खाली धावतं आणि उशिरा हलवलं की तुटतं. रस्त्याकडेची मोठी रुई उपटून आणून जगवायचा प्रयत्न करू नका. मी तीनदा केला, तिन्ही मेल्या.

काडीनंही जमतं. जुन्या फांदीची अंगठ्याएवढी जाड, वीतभर काडी कापायची, चीक गळून थांबेपर्यंत सावलीत ठेवायची, कापलेल्या टोकाला राख लावायची आणि ओलसर वाळूत खुपसायची. हळदीकुंकवाला एवढेही सोपस्कार नकोत. कोवळी काडी, खालची पानं काढून, बाटलीतल्या पाण्यात ठेवली की दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं दिसतात. पाणी एक दिवसाआड बदला. हे झाड दोन-तीन वर्षांत थकतं, खोड लाकडी होतं, पानं बारीक पडतात. म्हणून दर दिवाळीनंतर मी चार नव्या काड्या लावते.

भाचीच्या झाडांचं गणित वेगळं. उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच मिल्कवीडचं बी थंडी खाल्ल्याशिवाय उगवत नाही. ओलसर वाळूत गुंडाळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, म्हणजे त्याला वाटतं हिवाळा होऊन गेला. ती पहिल्या वर्षी तसंच पेरून रडत बसली होती.

माती आणि पाणी

बडोद्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिखल होऊन बसते. रुईला उन्हाचं, कोरड्याचं काही वाटत नाही. मुळाशी साचलेलं पाणी मात्र तिला सोसत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा आमच्या अंगणात दोन दिवस पाणी होतं. मगर कोणाच्या फाटकाशी आली याच्या बातम्या चालू होत्या, आणि मी जिन्यावर बसून रुईकडे बघत होते. सपाट जागेतलं झाड आठवड्याभरात पिवळं पडून गेलं. विटांच्या तुकड्यांच्या उंचवट्यावर लावलेलं दुसरं जगलं. तेव्हापासून माझा नियम: आधी वीतभर उंच ढीग करायचा, त्यात विटांचा चुरा, नदीची जाड वाळू, काळी माती सारख्या प्रमाणात, आणि मग झाड.

रुई कुंडीत लावायचीच असेल तर कापलेलं प्लॅस्टिकचं पिंप घ्या, निदान दीड फूट खोल, तळाला बोट जाईल अशी पाच-सहा भोकं. हळदीकुंकवाला दहा-बारा इंची कुंडी पुरते. दोघांनाही सहा तास तरी ऊन हवं. उत्तरेकडच्या बाल्कनीत हळदीकुंकू नुसतं उंच वाढतं आणि कलंडतं.

खत कमीच. वर्षातून दोनदा, जूनच्या तोंडाशी आणि दिवाळीनंतर, मूठ-दोन मूठ गांडूळखत. युरियाच्या वाटेला जाऊ नका. नत्र जास्त झालं की लुसलुशीत शेंडे येतात आणि पहिला निरोप माव्याला पोचतो.

पाण्याचं म्हणाल तर बोट मातीत पेरभर खुपसून बघायचं. कोरडं लागलं तर हळदीकुंकवाला पाणी. मे महिन्यात गच्चीवर हे रोज सकाळी येतं, पावसाळ्यात आठवडाभर येत नाही. जमिनीतल्या रुईला पहिलं वर्ष आठवड्यातून एकदा द्या, पुढे विसरलात तरी चालेल.

पिवळं पान दिसलं की लोक घाबरतात. आधी कुठलं पान, ते बघा. कडक उन्हात बुडाकडची पानं पिवळी होऊन गळतात, त्यात काही नाही. माती ओली असूनही सगळं झाड मलूल दिसत असेल तर मुळं कुजतायत. कुंडी आडवी करून भोकं मोकळी करा आणि पाणी बंद. पानावर सुई टोचल्यासारखे फिके ठिपके आणि खाली बारीक जाळं असेल तर तो लाल कोळी, उन्हाळ्याचा पाहुणा. चार-पाच सकाळी पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारा, जातो. आणि कडेपासून चंद्रकोरीसारखं कुरतडलेलं पान, खाली काळपट दाणेदार लेंड्या? पेढे वाटा.

मावा

यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण निम्मे फोन याचेच असतात.

हळदीकुंकवाच्या शेंड्यावर, कळ्यांच्या देठांवर पिवळेधमक, काळ्या पायांचे किडे दाटीवाटीनं बसलेले दिसतात. हा रुईवरचा मावा. ह्यूस्टनलाही हाच, आणि बडोद्यालाही. यांच्यात नरांचं कामच नाही. माद्या अंडी न घालता थेट पिल्लं देतात, आणि त्याही माद्याच. म्हणून आज दहा दिसले की पुढच्या आठवड्यात शेंडा पिवळा. गर्दी झाली की काहींना पंख फुटतात आणि ते शेजारच्या कुंडीत जातात. अंगातून गोड चिकट रस गळतो, त्यावर काळी काजळी धरते आणि मुंग्या त्या रसासाठी माव्याची राखण करतात.

थोडा मावा असेल तर मी काहीच करत नाही. त्याच्यामागे लेडीबर्ड भुंगेरे येतात. त्यांची पिल्लं भुंगेऱ्यासारखी मुळीच दिसत नाहीत. काळी-नारिंगी, लांबट, छोट्या मगरीसारखी, आणि लोक त्यांनाच कीड समजून चिरडतात. कधी माव्यातले काही किडे फुगून, तपकिरी, कागदी होऊन निश्चल बसलेले दिसतात. ते एका सूक्ष्म गांधीलमाशीचे बळी असतात. तिचं पिल्लू त्यांना आतून खातं आणि गोल भोक पाडून बाहेर येतं. अशी दहा-बारा भोकाची टरफलं दिसली की समजायचं, फौज कामाला लागली.

फार झाला तर क्रम असा. आधी फांदी उलटसुलट करून अंडी आणि बारीक अळ्या शोधायच्या. त्या ज्या पानांवर आहेत ती पानं सोडायची. मग अंगठा आणि तर्जनी ओली करून शेंड्यावरून खालून वर पुसत न्यायचं. बोटं पिवळी होतात, हातमोजे घाला. उरलेल्यांना पाण्याच्या पिचकारीचा जोरदार झोत, सकाळी, म्हणजे पानं दिवसभरात वाळतात. दोन दिवसांनी पुन्हा, आणखी दोन दिवसांनी पुन्हा. एकदाच करून सोडलं तर उपयोग नाही. अंडी-अळ्या नसलेली अगदीच भरलेली फांदी असेल तर सरळ कापून साबणाच्या पाण्यात बुडवते. आणि कुंडीच्या पायाखाली पाण्याच्या थाळ्या ठेवून मुंग्यांची वाट बंद करते. निम्मं काम तिथेच होतं.

कडुनिंबाचं तेल "नैसर्गिक आहे" म्हणून सर्रास सुचवलं जातं. नैसर्गिक असलं तरी अळीला ते बाधतं. तिची कात टाकण्याची क्रियाच बिघडते. बीटी पावडरही नाही, ती तर अळ्या मारण्यासाठीच असते. पावसाळ्यात सोसायटीत डासांच्या धुराची गाडी येते, ती मला थांबवता येत नाही. वेळ कळली की कुंड्या खोलीत, आणि रुईवर जुनी चादर. धूर बसल्यावर चादर काढून पानं पाण्यानं धुते. शेजारी हसतात.

पावसाळ्यात रुईवर एक पिवळा, निळ्या-हिरव्या पट्ट्यांचा देखणा टोळ येतो. हातात धरला तर घाण वासाचा रस फवारतो. चार-दोन असतील तर राहू द्या, रुईला जड नाहीत. हळदीकुंकवावर आला तर फडक्यानं उचलून रुईवर सोडा.

छाटणी

ज्यांना छाटणीचा हात होत नाही त्यांची रुई उंच, बोडकी आणि वर चार पानांची टोपी अशी होते. मादीला अंडी घालायला कोवळी पानं आवडतात, म्हणून झाड सतत नवं फुटत राहिलं पाहिजे. सगळं एकदम छाटू नका. मी निम्म्या फांद्या फेब्रुवारीच्या अखेरीस आणि निम्म्या जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, गुडघ्याएवढ्या उंचीवर कापते. आपल्याकडे गणपतीपासून दिवाळीपर्यंत फुलपाखरांची चंगळ असते. तेव्हा कात्रीला हात लावायचा नाही. हळदीकुंकवाच्या कुंड्या पाळीपाळीनं, मातीपासून वीतभर ठेवून. दोन-तीन आठवड्यांत फुटवे येतात. कापलेली प्रत्येक फांदी फेकण्यापूर्वी पान न् पान उलटून बघायचं.

ह्यूस्टनला हीच छाटणी जास्त महत्त्वाची, आणि कारण वेगळं. भाचीनं दुकानातून आणलेलं झाड म्हणजे आपलंच हळदीकुंकू. टेक्सासच्या दक्षिणेकडे ते हिवाळ्यातही मरत नाही. मग काही मोनार्क मेक्सिकोला जाण्याऐवजी तिथेच रेंगाळतात. शिवाय मोनार्कच्या अंगावर एक सूक्ष्म परजीवी असतो. त्याचं लांबलचक नाव सोडून सगळे त्याला ओई म्हणतात. फुलपाखराच्या पोटावरून त्याचे बीजाणू पानावर झडतात, अळी ते पानाबरोबर खाते आणि पुढे कोषातून बाहेर येणारं फुलपाखरू दुबळं किंवा पंख चुरगळलेलं निघतं. तिथली देशी मिल्कवीड थंडीत जमिनीपर्यंत वाळतात, त्यांच्याबरोबर घाणही जाते. हळदीकुंकू वाळत नाही, बीजाणू साठत राहतात. म्हणून मी तिला सांगितलं: ऑक्टोबर सरता सरता सगळं सहा इंचांवर काप, हिवाळाभर फूट आली की पुन्हा काप, आणि हळूहळू तिथली देशी जात लाव. तिनं अँटिलोप हॉर्न्स नावाची जात पेरलीय. सावकाश वाढते म्हणून कुरकुरते आहे.

अळ्या आल्यावर

अंड्यातून तीन ते पाच दिवसांत केसाएवढी अळी निघते आणि आधी अंड्याचं टरफल खाते. पुढे पांढरे, काळे, पिवळे पट्टे येतात. पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असतात. मोनार्कच्या अळीला दोनच. दोन-तीन आठवड्यांत ती करंगळीएवढी होते. एक दुपार काढून तिला जेवताना बघा. मोठी अळी रुईच्या पानावर आली की लगेच खात नाही. आधी देठाजवळ मधली शीर चावते. पांढरा चीक भळभळतो, ती मागे सरकते, तोंड पुसल्यासारखं पानावर घासते, पुन्हा चावते. थोड्या वेळानं पान मान टाकतं, पुढच्या भागात चीक येईनासा होतो, आणि मग ती कडेपासून निवांत खात सुटते. म्हणून देठाशी दुमडून लोंबणारं पान दिसलं तर ते रोगट समजून तोडू नका. कोणीतरी जेवायला बसलेलं असतं.

पानं संपली तर पालक, कोबी काही चालत नाही. रिकाम्या प्लॉटवरची रुई आणा, रस्त्याची धूळ धुवा, पुसून कोरडी करा. फवारणी होणाऱ्या शेताच्या बांधावरची नको. अळी हातानं ओढून काढू नका, पाय पानाला घट्ट असतात. ज्या पानावर आहे ते देठासकट कापून नव्या फांदीवर ठेवा, ती आपोआप सरकते.

सगळ्या वाचतील असं नाही. मुंग्या अंडी नेतात, गांधीलमाश्या अळ्या उचलतात, सरडा असतोच. मी आधी काचेच्या बरण्यांत भरून वाढवायचे. एका बरणीत ओल धरली, बुरशी आली आणि अकरा गेल्या. आता फार तर दोन-चार, तेही जाळीच्या पेटीत, रोज लेंड्या साफ करून. बाकीच्या झाडावर.

वाढ पूर्ण झाली की अळी झाड सोडून चालू लागते. कुंडीची कड, खिडकीचा गज, एकदा तर माझ्या वाळत घातलेल्या पोलक्याची बाही. तिथे उलटी लटकून इंग्रजी जे अक्षरासारखी वाकते आणि दिवसभरात कोष होतो, हिरवा किंवा गुलाबीसर, सोनेरी टिंबांचा. पोलकं दहा दिवस दोरीवरच राहिलं. कोष पडलाच तर वरच्या काळ्या देठाला दोरा बांधून टांगा, खाली तळहातभर मोकळी जागा ठेवून, कारण बाहेर आल्यावर पंख लोंबकळत वाळावे लागतात. कोषाचा रंग काळवंडून आतले नारिंगी पंख दिसू लागले की फुलपाखरू जवळ आलं. बहुधा सकाळी निघतं.

एक जास्तीची गोष्ट: अंगणात भुरुंडी उगवली तर उपटा, पण फेकू नका. वाळलेली जुडी कुंपणाला टांगा. प्लेन टायगरचे नर तिच्यावर चिकटून बसतात; त्यातलं एक रसायन त्यांना मादीला रिझवणारा वास तयार करायला लागतं.

चिकाबद्दल

रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. हातमोजे घाला, छाटताना चष्मा लावा, आणि काम झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय डोळ्याला बोट नाही. चीक गेलाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. फसवी गोष्ट ही की कधी कधी दुखत नाही, नुसतं धूसर दिसतं, म्हणून लोक अंगावर काढतात. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं यांच्या आवाक्याबाहेर ठेवा. हळदीकुंकूही विषारीच आहे, दिसतं मात्र गोंडस.

आणि माळ. काकींशी आमचा करार असा: पानं खालची, जून, हाताला जाड लागणारी घ्यायची, कारण मादी बहुतेक वरच्या कोवळ्यांवर घालते. दोन्ही बाजू बघायच्या. एका फांदीवरून तीनच. अंडं असलेलं पान तसंच ठेवून, जवळच्या काडीला मी लाल दोरा बांधते, म्हणजे पुढच्या शनिवारी चष्मा विसरल्या तरी कळतं. गेल्या शनिवारी सात दोरे होते. काकींना पानं नऊच मिळाली. उरलेली दोन त्यांनी कोपऱ्यावरच्या माळवालीकडून घेतली, आणि तीही उलटी करून बघितली.